उसनवारीचा संघ

अमेरिकेतल्या एखाद्या मायनर लीग बेसबॉल संघाच्या मालकीचं नेमकं काय असतं, हे मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरून उरतात. खेळाडू त्याचे नसतात. ते वरच्या, म्हणजे मेजर लीगच्या संघाशी करारबद्ध असतात आणि पगारही तोच देतो. मॅनेजर, प्रशिक्षक, दुखापती बघणारा ट्रेनर, सगळे वरून आलेले. आज कोण खेळणार, पिचरने किती चेंडू टाकल्यावर थांबायचं, हेही वरून ठरतं. मैदान बहुतेकदा नगरपालिकेचं. पुष्कळदा नावसुद्धा उसनं. स्थानिक मालकाच्या हाती उरतात तिकिटं, हॉटडॉग आणि बिअरचे गाळे, कुंपणावरच्या जाहिराती, बसचं भाडं, बाहेरगावच्या हॉटेलांची बिलं आणि स्वच्छतागृहं. त्यातून एखादा पोरगा चांगला खेळायला लागला, गावाने त्याला डोक्यावर घेतलं, की नेमका तेव्हाच वरून फोन येतो आणि तो निघून जातो. जो फार दिवस राहतो, त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं.

एवढ्या भांडवलावर ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट या गिरण्यांच्या गावाने अर्धशतक संघ चालवला. पॉटकेट रेड सॉक्स, लोकांच्या तोंडी ‘पॉसॉक्स’. बोस्टन रेड सॉक्सचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मेजर लीगच्या फक्त एक पायरी खाली. बोस्टनचं फेनवे पार्क इथून सत्तर किलोमीटरच्या आत. दुपारी बोस्टनचा कोणी जखमी झाला तर बदली खेळाडू संध्याकाळपर्यंत गाडीने पोचू शकतो. हे अंतर म्हणजे पॉटकेटचं सगळ्यात मोठं बलस्थान होतं आणि पुढे घात झाला तोही याच हिशेबात, कारण बोस्टनपासून तेवढ्याच अंतरावर आणखीही गावं होती.

गाव पाऊण लाख वस्तीचं. १७९० मध्ये सॅम्युएल स्लेटरने इथे पाण्याच्या जोरावर चालणारी सूतकताई सुरू केली. ब्लॅकस्टोन नदीकाठची १७९३ ची ती गिरणी अजून उभी आहे. विसाव्या शतकात गिरण्या दक्षिणेकडे गेल्या आणि मागे विटांच्या रिकाम्या इमारती राहिल्या.

मैदानाची कथा तर पहिल्यापासूनच चिखलातली. महामंदीच्या काळात केंद्र सरकारच्या रोजगार योजनेतून महापौर थॉमस मॅककॉय यांनी स्टेडियम बांधायला काढलं आणि जागा निवडली ती हॅमंड पाँड नावाच्या दलदलीची. दलदलीत पायाचे खांब घालायचे म्हणजे खाली पक्का थर लागेपर्यंत घालतच राहायचं. खर्च फुगत फुगत पंधरा लाख डॉलरच्या आसपास गेला. रात्री उभे केलेले ट्रक सकाळी चिखलात बुडालेले सापडायचे, असं गावात सांगतात. किती खरं कोण जाणे, पण लोकांनी या प्रकाराला ‘मॅककॉयचा खुळेपणा’ म्हणायला सुरुवात केली हे मात्र खरं. १९४२ मध्ये मैदान खेळासाठी खुलं झालं. १९४५ मध्ये मॅककॉय वारले आणि पुढच्या वर्षी मैदानाला त्यांचंच नाव दिलं गेलं.

त्या बांधकामाची एक खोड शेवटपर्यंत राहिली. बहुतेक मैदानांत खेळाडूंची बसायची जागा, म्हणजे डगआउट, पहिल्या रांगेच्या पुढे अर्धवट जमिनीत असते. डगआउटच्या छताजवळ उभं राहून पोरं खेळाडूंच्या हातात सहीची वही देऊ शकतात. मॅककॉयमध्ये प्रेक्षकांची पहिली रांगच मैदानापासून माणसाच्या उंचीहून वर होती आणि डगआउट त्या रांगेखाली, समोरच्या भिंतीत बसवलेले. वरच्या पोराला खालचा खेळाडू दिसायचाच नाही आणि खेळाडूचा हात वर पोचायचा नाही.

त्यावर पोरांनी काढलेला तोडगा म्हणजे गळ टाकणं. एक गॅलनचा प्लास्टिकचा दुधाचा कॅन घ्यायचा, मूठ तशीच ठेवायची आणि समोरच्या बाजूला हात आत जाईल एवढी खिडकी कापायची. तळ कापायचा नाही, नाहीतर चेंडू खाली पडतो. मुठीला लांब दोरी बांधायची, आत चेंडू आणि पेन टाकायचं आणि कठड्यावरून हळूहळू खाली सोडत डगआउटच्या तोंडाशी आणायचं. आत बसलेल्याने चेंडू काढायचा, सही करायची, परत टाकायचा आणि दोरीला हिसका द्यायचा. मग वर ओढून घ्यायचं. सोडा वॉटरची मोठी बाटलीही चालते, पण तिला मूठ नसल्याने गळ्याला बांधलेली दोरी निसटते. चेंडू दीडशे ग्रॅमच्या आतला, त्यामुळे वारा असला की कॅन गरगर फिरतो आणि शेजारच्याच्या दोरीत अडकतो. दहा दोऱ्या एकात एक गुंतल्या की खालचा खेळाडू वैतागून आत सरकतो. पेन बॉलपॉइंटचंच हवं. मार्करची शाई चेंडूच्या कातड्यावर पसरते आणि काही वर्षांत सहीचा नुसता डाग उरतो. जाणती पोरं कॅनवर त्या दिवशीच्या खेळाडूचं नाव आणि नंबर लिहून ठेवत, म्हणजे कोणाला हाक मारली आहे ते खाली कळे. नव्या, सोयीच्या मैदानात ही कला जन्माला आलीच नसती. मला तर वाटतं, त्या अवघड भिंतीने संघाला जेवढे आयुष्यभराचे पाठीराखे दिले, तेवढे कुठल्याही विजेतेपदाने दिले नसतील.

संघ मात्र लगेच रुजला नाही. १९४६ ते १९४९ बोस्टन ब्रेव्हजचा ‘स्लेटर्स’ नावाचा संघ इथे खेळला, मग ती लीगच बंद पडली. १९६६ आणि ६७ मध्ये क्लीव्हलंडचा दुय्यम संघ येऊन गेला. १९७० मध्ये बोस्टनने आपला डबल-ए, म्हणजे ट्रिपल-एच्या एक पायरी खालचा संघ पिट्सफिल्डहून इथे हलवला. १९७३ मध्ये लुईव्हिलच्या मैदानात अमेरिकन फुटबॉलसाठी बदल झाले, तिथला ट्रिपल-ए संघ बेघर झाला आणि तोही पॉटकेटला आला. पहिल्याच वर्षी त्याने इंटरनॅशनल लीगचा गव्हर्नर्स कप जिंकला. पुढच्या वर्षी जिम राइस या खेळाडूने लीगमधले फलंदाजीचे तिन्ही मान (सरासरी, होम रन आणि संघाला मिळवून दिलेल्या रन) एकट्याने पटकावले. तरीही प्रेक्षक येईनात. मैदान कळकट, गळकं. मालक बदलले, १९७६ मध्ये गावाचं नाव काढून ‘ऱ्होड आयलंड रेड सॉक्स’ असं राज्याचं नाव लावून पाहिलं, आणि त्याच मोसमाअखेर संघाचं दिवाळं निघालं. नाव मोठं केल्याने प्रेक्षक वाढत नाहीत.

१९७७ च्या जानेवारीत बेन मॉन्डर आले. क्युबेकमध्ये जन्मलेले, शेजारच्या वूनसॉकेटमध्ये वाढलेले, बुडीत गिरण्या घेऊन मार्गी लावण्यात हयात घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. बेसबॉलचा धंदा त्यांना ठाऊक नव्हता. चेट निकोल्स या माजी पिचरने, जो तेव्हा बँकेत होता, त्यांना गळ घातली. यातली खरी हुशारी कागदावरची होती. दिवाळखोर संघ विकत घ्यायचा नाही, तर लीगकडून नवा संघ मिळवायचा. नाव पुन्हा जुनंच, ‘पॉटकेट रेड सॉक्स’, लीग तीच, गाव तेच, पण आधीच्यांचं कर्ज अंगावर नाही. जुन्या धनकोंनी बोटं मोडली असणार. पण ते ओझं घेऊन दुसरा मोसमही निघाला नसता.

पहिल्या वर्षी संघ लीगमध्ये पहिला आला आणि अख्ख्या मोसमाला प्रेक्षक आले सत्तर हजारांच्या आसपास. म्हणजे जिंकल्यानेही गर्दी होत नाही, हे पहिल्याच वर्षी सिद्ध झालं. मॉन्डर आणि त्यांचे जनरल मॅनेजर माइक टॅम्बुरो यांनी मग आपल्या हातात होतं तेवढंच धरलं. मैदान धुऊन काढलं. स्वच्छतागृहं अशी ठेवली, की बायकापोरांना घेऊन यायला कोणी कचरू नये. तिकीट कमी, पार्किंग फुकट. वर जाणाऱ्या उतारांच्या भिंतींवर इथून गेलेल्या खेळाडूंची मोठी चित्रं रंगवली. खेळाडू गेला तरी चित्र गावाचं.

यामागचं गणित असं. मायनर लीगच्या मालकाला पगाराचा बोजा नसतो, पण चांगला संघ उभा करायची मुभाही नसते. त्यामुळे जिंकण्यावर धंदा बेतणं हा शुद्ध जुगार. ऑगस्टमध्ये संघ अव्वल असताना वरून तीन खेळाडू उचलले की खेळ खलास. भरवशाचं उत्पन्न एकच, घरच्या सत्तरएक सामन्यांना येणारी कुटुंबं. चौघांचं कुटुंब आलं की तिकिटापेक्षा खाण्यापिण्यावर जास्त खर्च करतं, आणि पार्किंगचे पैसे वाचले की ते पैसे गाळ्यावरच पडतात. एप्रिलचे सामने थंडीने जवळजवळ वाया जातात, जून-जुलैला शाळा सुटल्या की बाकी भरून निघते. आणि पावसाने शनिवार बुडाला तर तो भरून येत नाही. तो सामना नंतर दुसऱ्या सामन्याला जोडून एकाच तिकिटात दाखवावा लागतो.

अशाच एका थंड एप्रिलमध्ये या मैदानावर व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लांब सामना झाला. १८ एप्रिल १९८१, ईस्टरच्या आदल्या दिवशीची शनिवारची रात्र, समोर रॉचेस्टर रेड विंग्ज. दिव्यांत बिघाड झाल्याने सामना सुमारे अर्धा तास उशिरा सुरू झाला. प्रेक्षक १,७४०.

क्रिकेटच्या वाचकासाठी एवढंच सांगायला हवं, की अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये सामना सहसा अनिर्णित ठेवत नाहीत. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही बाजूंची एकेक पाळी, तीन गडी बाद झाले की पाळी संपली. अशा नऊ इनिंग. बरोबरी असली तर दहावी, अकरावी, जोवर पूर्ण इनिंगअखेर कोणी पुढे जात नाही तोवर. म्हणूनच लीगच्या नियमांत एक कलम असे: रात्री १२:५० नंतर नवी इनिंग सुरू करायची नाही, उरलेला खेळ नंतर. त्या वर्षी अंपायरांना मिळालेल्या नियमांच्या प्रतीत ते कलम नव्हतं. पॉटकेटवाले सांगत होते की असा नियम आहे, अंपायर म्हणत होते की आमच्या कागदात नाही. थांबवण्याचा अधिकार लीगच्या अध्यक्षांना, आणि ते फोनवर सापडेनात.

रॉचेस्टरने सातव्या इनिंगमध्ये एक रन काढली होती, म्हणजे त्यांचा एक गडी तिन्ही बेस, म्हणजे थांबे, ओलांडून घरी, होम प्लेटवर, परतला होता. पॉटकेटने नवव्याच्या शेवटी बरोबरी केली. तिथून विसाव्यापर्यंत दोन्हीकडे नुसती शून्यं. एकविसाव्यात रॉचेस्टर पुढे गेलं. मग पॉटकेटच्या वेड बॉग्जने डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, मारून पुन्हा २-२ केलं. त्या बरोबरीचा आनंद मानावा की कपाळावर हात मारावा, हे त्याच्याच सोबत्यांना कळेना. बाविसाव्यात अंपायरशी वाद घातल्याबद्दल पॉटकेटचे मॅनेजर जो मॉर्गन यांना बाहेर काढलं गेलं. त्या रात्री यापेक्षा सुखाची शिक्षा नसावी.

इतका वेळ रन का निघेना? एक तर वारा समोरून येत होता. पॉटकेटच्या सॅम बोवेनने मारलेला एक चेंडू कुंपणापलीकडे गेला आणि वाऱ्याने परत आत आणला, असं तिथले लोक शपथेवर सांगत. दुसरं, थंडी. गारठलेल्या हातात लाकडी बॅटने चेंडू नीट बसला नाही तर झिणझिण्या कोपरापर्यंत जातात, आणि पुढच्या वेळी फलंदाज नकळत बॅट सावकाश फिरवतो. तिसरं, उशिरा आलेले पिचर ताजे आणि फलंदाज दमलेले. रॉचेस्टरच्या जिम अंबर्गरने बदली येऊन दहा इनिंग एकही रन दिली नाही. त्यांचा कॅचर डेव्ह हपर्ट सलग एकतीस इनिंग उकिडवा बसला. खेळाडूंनी तुटलेल्या बॅटी आणि बाकांच्या फळ्या पिंपात टाकून शेकोट्या पेटवल्या.

बत्तिसाव्यात रॉचेस्टरचा एक धावणारा घराकडे सुटला आणि बोवेनच्या फेकीवर होम प्लेटपाशी बाद झाला. तो पोचता तर पॉटकेट बहुधा तिथेच हरलं असतं. तोवर अध्यक्ष हॅरल्ड कूपर फोनवर सापडले होते. चालू इनिंग संपवून थांबा, असं त्यांनी फर्मावलं. पहाटेचे ४:०७. स्टँडमध्ये उरलेले प्रेक्षक एकोणीस. त्यांना पुढच्या सामन्यांचे पास मिळाले.

उरलेला खेळ रॉचेस्टरच्या पुढच्या पॉटकेट भेटीत, २३ जूनला. योगायोगाने १२ जूनपासून मेजर लीगच्या खेळाडूंचा संप सुरू होता आणि देशभरच्या क्रीडा पत्रकारांना लिहायला काही नव्हतं. स्टेडियममध्ये ५,७४६ प्रेक्षक आणि पत्रकारांचा घोळका. सगळा प्रकार अठरा मिनिटांत आटोपला. तेहेतिसाव्याच्या पहिल्या अर्ध्यात पॉटकेटच्या बॉब ओहेडाने रॉचेस्टरला रन दिली नाही. मग मार्टी बॅरेटला चेंडू लागून बेस मिळाला, चिको वॉकरच्या फटक्यावर तो तिसऱ्या बेसवर गेला, पुढच्याला मुद्दाम बेस देऊन रॉचेस्टरने तिन्ही बेस भरून घेतले आणि डेव्ह कोझाने डावीकडे सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका, मारला. ३-२. एकूण आठ तास पंचवीस मिनिटं. पराभव ज्या पिचरच्या नावावर लागला तो स्टीव्ह ग्रिली एप्रिलच्या त्या रात्री रॉचेस्टरच्या संघात नव्हताच.

त्या रात्री रॉचेस्टरच्या तिसऱ्या बेसवर कॅल रिप्केन ज्युनियर होता आणि पॉटकेटच्या तिसऱ्या बेसवर बॉग्ज. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले, आणि रिप्केनने सलग २,६३२ मेजर लीग सामने खेळायचा विक्रम केला. रॉचेस्टरच्या डॅलस विल्यम्सची तेरा वेळा फलंदाजी झाली आणि तेराही वेळा हात रिकामा. कोझा चौदापैकी पाच वेळा यशस्वी ठरला, सामना त्यानेच संपवला, पण मेजर लीगमधून त्याला कधीच बोलावणं आलं नाही. हा विक्रम आता मोडणं जवळजवळ अशक्य आहे. २०१८ पासून मायनर लीगमध्ये दहाव्या इनिंगपासून फलंदाजी करणाऱ्या बाजूचा एक माणूस दुसऱ्या बेसवर आयताच उभा करतात, म्हणजे रन लवकर निघावी. खेळाडूंच्या खांद्यांसाठी हे ठीकच आहे. मला ते पटतं, पण आवडत नाही.

सामन्याने नाव दिलं आणि मॉन्डरच्या स्वच्छ मैदानाने ते टिकवलं. १९९० मध्ये मेजर लीगने मायनर संघांशी नवा करार केला. दिवे किती प्रखर, खेळाडूंच्या खोल्या किती मोठ्या, याचे किमान नियम आले आणि देशभर जुनी मैदानं पाडून नवी बांधायची लाट आली. पॉटकेटने पाडलं नाही. १९९९ मध्ये १.६ कोटी डॉलर खर्चून जुनंच वाढवलं आणि क्षमता १०,०३१ वर नेली. २००५ च्या मोसमात ६,८८,४२१ प्रेक्षक आले. घरच्या सामन्यांवर भागलं तर दर सामन्याला साडेनऊ हजारांच्या घरात, म्हणजे स्टेडियम जवळजवळ रोज भरलेलं.

मॉन्डर २०१० मध्ये गेले. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांच्या पत्नीने संघ विकला. घेणाऱ्यांत बोस्टन रेड सॉक्सचे अध्यक्ष लॅरी लुकिनो आणि प्रॉव्हिडन्सचे वकील जेम्स स्केफिंग्टन होते. त्यांना संघ शेजारच्या प्रॉव्हिडन्समध्ये नदीकाठी न्यायचा होता. मे महिन्यात स्केफिंग्टन अचानक वारले आणि सप्टेंबरपर्यंत ती योजना बारगळली. मग २०१७ मध्ये पॉटकेटमध्येच, स्लेटरच्या गिरणीजवळ, नवं मैदान बांधायचा प्रस्ताव आला. खर्च ८.३ कोटी डॉलर: ४.५ कोटी संघाचे, २.३ कोटी राज्याचे, १.५ कोटी गावाचे. राज्याच्या सिनेटने तो मंजूर केला, पण खालच्या सभागृहाने राज्याची हमी काढून घेतली. हमी नसली की कर्जरोख्यांवर व्याज चढतं आणि दरवर्षीचा हप्ता फुगतो. संघाला ते परवडलं नाही, किंवा परवडवून घ्यायचं नव्हतं. ऱ्होड आयलंडने याआधी एका व्हिडिओ गेम कंपनीला दिलेल्या ७.५ कोटी डॉलरच्या हमीत हात पोळून घेतले होते, त्यामुळे आमदारांची भीती अगदीच निराधार नव्हती.

१७ ऑगस्ट २०१८ ला संघाने मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला जात असल्याचं जाहीर केलं. वूस्टर म्हणजे त्याच ब्लॅकस्टोन नदीचं उगमाकडचं गाव आणि तेही गिरण्यांचंच. पॉटकेटने नदीच्या तोंडाशी पन्नास वर्षं सांभाळलेला संघ नदीने उलटा वर गेला. वूस्टरच्या पोलर पार्कचा खर्च शेवटी सोळा कोटी डॉलरच्या जवळ पोचला.

निरोपाचा मोसम २०२० चा ठरला होता. करोनामुळे तो झालाच नाही. त्या उन्हाळ्यात मैदानावर टेबलं मांडून लोकांना जेवण वाढलं गेलं आणि आरक्षणं भराभर संपली. पुढच्या वर्षी मेजर लीगने संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली आणि परवाने देण्याची सगळी सूत्रं आपल्या हातात घेतली, त्यामुळे पॉटकेटला दुसरा संलग्न संघ मिळायची वाट आणखीच अरुंद झाली.

मॅककॉय स्टेडियम काही काळ करोनाच्या चाचण्यांचं केंद्र होतं. २०२२ मध्ये गावाने तिथे नवं हायस्कूल बांधायच्या कर्जाला मत दिलं, खुर्च्या आणि पाट्या लिलावात गेल्या आणि २०२५ मध्ये पाडकाम झालं. त्याच वर्षी नदीकाठी दुसऱ्या श्रेणीच्या एका फुटबॉल क्लबसाठी नवं स्टेडियम उघडलं. त्यासाठी काढलेल्या सरकारी रोख्यांची व्याजासकट परतफेड तीस वर्षांत तेरा कोटी डॉलरच्या वर जाणार आहे. बेसबॉल टिकवायला राज्य आणि गाव मिळून लागणारं मुद्दल होतं ३.८ कोटी.